पन्नाशीनंतर वाट बदलता येत नाही, हे खरं नाही

गेले काही महिने एक संदेश फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला आणि चौघंही पन्नाशी ओलांडलेले. मजकुराचा गोषवारा असा: या वयात मेंदू नवं काही शिकत नाही. नव्या क्षेत्रात गेलात तर आजवरचा अनुभव मातीमोल, सगळं शून्यापासून. नवे उद्योग तरुणच उभे करतात. वाट बदलावीशी वाटणं ही मध्यवयातली तात्पुरती घालमेल, थोडं थांबलं की जाते. आणि जगणं उपभोगायचं ते निवृत्तीनंतर. तोवर खाली मान घालून आहे ती नोकरी टिकवा.

त्या चौघांपैकी एका मित्राने खाली लिहिलं होतं, "वाचून बरं वाटलं. आता प्रश्नच मिटला." ती ओळ माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

मी सव्वीस वर्षं विम्याच्या दाव्यांच्या फायली तपासल्या आणि बावन्नाव्या वर्षी सुतारकाम शिकायला लागलो. पण माझ्या एकट्याच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही. जिथे रीतसर अभ्यास झालेले आहेत तिथे तेच आधी सांगतो.

सुरुवात मेंदूपासून. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि त्यात दर सात वर्षांनी लोकांच्या चाचण्या घेतल्या, त्याही कित्येक दशकं. त्यातून दिसलं ते असं: झटपट नजर फिरवून बारीक फरक टिपण्याचा वेग लवकर उतरायला लागतो. पण शब्दसंपत्ती, तर्क, आकार आणि जागेचं भान या गोष्टी मध्यवयात चांगल्या टिकून असतात, काहींचा तर कळसच तेव्हा असतो. ठळक घसरण बहुतेकांत साठीनंतर सुरू होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं. तीन महिन्यांच्या सरावानंतर मेंदूच्या स्कॅनमध्ये हालचाल टिपणारा भाग वाढलेला दिसला. सराव थांबल्यावर तो पुन्हा पूर्ववत झाला. विशीतल्या मुलांइतक्या सफाईने झेलणारे त्यांच्यात कमी निघाले, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे मेंदू शिकतो, जरा सावकाश शिकतो.

तो सावकाशपणा मी हाताने अनुभवला आहे. मला शिकवणारा माझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी लहान. पहिले तीन आठवडे त्याने माझ्या हातात रंध्याशिवाय काही दिलं नाही. माझ्या शेजारचा विशीतला मुलगा चौथ्या दिवशी सलग, कागदासारखी पातळ ढलपी काढायला लागला. माझी तुटून यायची, कारण मी लाकडाच्या शिरांच्या उलट दिशेने रेटत होतो आणि जोर मनगटातून लावत होतो, कंबरेतून नाही. हे कळायला मला तीन आठवडे लागले. लागले, पण कळलं. आणि एकदा कळलं ते गेलं नाही.

आता 'शून्यापासून'. संदेशातला हा मुद्दा मला सगळ्यात खोटा वाटतो आणि लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो तोही हाच.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार मानले. एक, अगदी अनोळखी कोडं सोडवणारी चपळ बुद्धी. दुसरी, वर्षानुवर्षांच्या शिकण्यातून आणि अनुभवातून साचत गेलेली. पहिली तरुणपणी जोरात असते, दुसरी पन्नाशीतही वाढत राहते. नव्या कामात माणूस ही दुसरी सोबत घेऊनच येतो. माझंच सांगतो. वर्ष-दीड वर्ष शिकल्यावर माझ्याकडे एक खुर्ची दुरुस्तीला आली. मागचा उजवा पाय तिसऱ्यांदा निखळला होता. आधी दोघांनी सरस भरून दिला होता. माझं हातकाम त्या दोघांपेक्षा नक्कीच कच्चं होतं. पण सव्वीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत आलो होतो: नेमकं काय घडलं, पहिल्यापासून सांगा. खुर्चीच्या मालकीणबाईंनाही तोच विचारला. बोलता बोलता कळलं की त्यांचे वडील उठताना नेहमी डाव्या हातावर भार देऊन खुर्ची तिरकी करतात. मग पाय सोडून मी समोरची आडवी पट्टी तपासली. तिचा सांधा आतून सैल झाला होता आणि सगळा ताण मागच्या पायावर जात होता. तो सांधा पटाशीने साफ करून नव्याने बसवला. ती खुर्ची परत आलेली नाही. हे मला सुतारकामाच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

याचं मोठं उदाहरण जपानच्या इतिहासात आहे. इनो तादाताका यांनी एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत घरचा धंदा सांभाळला, वाढवला आणि मग मुलाच्या हाती दिला. १७९५ मध्ये, पन्नाशीत, ते आजच्या तोक्योला, म्हणजे तेव्हाच्या एदोला गेले आणि ताकाहाशी योशितोकी यांच्याकडे खगोलशास्त्र शिकायला बसले. गुरू शिष्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान होते. १८०० साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, इनो जपानचा किनारा मोजायला निघाले. पहिल्या मोहिमेत त्यांनी अंतरं पावलं मोजून काढली आणि खर्चाचा मोठा भाग स्वतःच्या खिशातून केला. पुढे सतराएक वर्षं हे मोजणीचं काम चाललं. १८१८ मध्ये ते वारले आणि १८२१ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी नकाशा पूर्ण केला. माणसं सांभाळणं, हिशेब चोख ठेवणं, वर्षानुवर्षं एक काम नेटाने रेटणं, आणि गाठीला असलेला पैसा, हे सगळं त्या धंद्यातूनच आलेलं होतं. त्याला शून्य कसं म्हणायचं?

उद्योग तरुणच उभे करतात, या मुद्द्याला एक आकडा पुरे. पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सत्तावीस लाख संस्थापकांची माहिती तपासली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्या सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय ४५ होतं. आणि ज्यांनी त्याच क्षेत्रात आधी काम केलं होतं त्यांना यश मिळण्याची शक्यता जास्त होती.

पण इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, जी त्या संदेशात नाही आणि असायला हवी होती. नोकरीचा अर्ज करून नव्या क्षेत्रात शिरणं या वयात खरोखर कठीण आहे. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत चाळीस हजारांहून जास्त बनावट अर्ज पाठवून पाहिलं, तेव्हा वयस्क अर्जदारांना, त्यातही बायकांना, मुलाखतीची बोलावणी कमी आली. हा अन्याय आहे. तो तुमच्या कुवतीचा पुरावा नाही, पण डोळ्याआड करून चालणार नाही. त्यामुळे अर्जांच्या ढिगात आपला एक टाकण्यापेक्षा ओळखीतून गेलेलं बरं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की नव्या कामाची बातमी जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. तीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे अशा ओळखी विशीतल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त असतात.

'मध्यवयातली घालमेल', म्हणजे इंग्रजीतलं 'मिडलाइफ क्रायसिस', हा शब्दप्रयोग मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांच्या १९६५ च्या एका निबंधातून रूढ झाला, आणि तो निबंध मुख्यतः कलावंतांच्या आयुष्यांवर बेतलेला होता. तो लिहिणारे जॅक्स तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं काम करत राहिले. घालमेल थांबल्याने जाते का? अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी मोठ्या निर्णयावर अडकलेल्या लोकांना संगणकावर नाणं उडवायला दिलं. वीस हजारांहून जास्त नाणी उडाली. नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नात ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी, आहे तिथेच राहिलेल्यांपेक्षा जास्त समाधानी होते. कुणी नाणं उडवून निर्णय घ्यावा असं माझं म्हणणं नाही. अडलेल्या माणसाचा कल थांबण्याकडे जरा जास्तच असतो, इतकंच त्यातून घ्यायचं.

राहिला आनंद. निवृत्तीचं वय हे शरीराने ठरवलेलं नाही. चान्सलर बिस्मार्कच्या काळातल्या जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला तेव्हा वय सत्तर होतं. १९१६ मध्ये ते पासष्ट केलं. सरकारी सोयीचा आकडा आहे तो, जगायला सुरुवात करण्याचा मुहूर्त नव्हे. माझ्याबाबत बदल आधी माझ्या बायकोच्या लक्षात आला. ती म्हणाली, "रविवारी पाच वाजले की तुम्ही गप्प व्हायचात. हल्ली होत नाही." सव्वीस वर्षांत मला ते कधी जाणवलंच नव्हतं.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण उत्साहाच्या भरात लिहिणारे ते टाळतात. मी शिकायला लागल्यावर एकोणीस महिने नोकरी सोडली नाही. शनिवारी शिकत होतो. घरखर्च रोज वहीत मांडला, कर्ज आधी फेडलं, मग राजीनामा दिला. उत्पन्न निम्म्याहून खाली आलं आणि अजून तिथेच आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे किंवा घरात कुणाचं मोठं आजारपण चालू आहे, त्याला मी राजीनामा दे असं कधीच म्हणणार नाही.

'प्रश्नच मिटला' म्हणणाऱ्या मित्रालाही तसं म्हटलं नाही. त्याला मुलांना गणित शिकवायचं आहे, हे मी पंधरा वर्षं ऐकतो आहे. शाळेत कायमची नेमणूक या वयात अवघड आहे, हे मीच त्याला सांगितलं. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी, अपूर्णांकांना घाबरणारी दोन मुलं समोर घेऊन बसायला नोकरी सोडावी लागत नाही. तेवढं कर, असं मी त्याला लिहिलं आहे.