प्रतिकारशक्ती ‘वाढवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

एकच मेसेज गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे चार वेळा आला. चौथ्यांदा तो मावशीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मग मी गोळ्या बंद करू का?’ मावशीला रूमेटॉइड संधिवात आहे, आणि तिच्या गोळ्यांत स्टेरॉइडही आहे. मेसेज म्हणतो: सूज आणि ताप ही प्रतिकारशक्ती हरल्याची खूण, ऑटोइम्यून आजार कमजोर प्रतिकारशक्तीमुळे होतात, बूस्टर गोळ्यांनी ती वाढवली की आजार मुळासकट जातो, स्टेरॉइडं तीच शक्ती मारतात, म्हणून आधी ती सोडा. तिच्या प्रश्नापायी हे लिहायला बसले.

आधी सूज. बोटात काटा मोडला की कातडीखालच्या मास्ट पेशी हिस्टामाइन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ती जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपतो, म्हणून बोट टम्म फुगतं. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. मागून मॅक्रोफेज पेशी येऊन तो उपसतात आणि जखम भरू लागते. १८८२ साली जीवशास्त्रज्ञ मेचनिकोफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. म्हणजे ठणकणारं बोट हे प्रतिकारशक्ती कामाला लागल्याचं लक्षण आहे. तापाचंही तसंच: रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान मुद्दाम चढवतो. म्हणून ताप अंगावर काढावा असं नाही. तान्ह्या बाळाचा ताप, न उतरणारा ताप डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

आता ज्या वाक्याने मावशी घाबरली ते. ऑटोइम्यून आजारात ही यंत्रणा आपल्याच अवयवांना परकं समजते. टाइप १ मधुमेहात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतात. मावशीच्या आजारात सांध्यांच्या आतलं अस्तर सुजत राहतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाड झिजवतं. आजार उफाळला की सकाळी तासभर तिच्या बोटांची मूठ वळत नाही, चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरते. काट्याने आलेली सूज काटा निघाल्यावर ओसरते. इथे काढायला काटाच नसतो.

अशी चूक सगळ्यांच्या शरीरात का होत नाही? छातीत हृदयाच्या वरच्या बाजूला थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे नव्या टी पेशींची परीक्षा होते, आणि आपल्याच शरीरावर जोरात धावून जाणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच मारल्या जातात. तरी काही निसटतात. त्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. त्यांवरच्या शोधांसाठी ब्रन्काव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. या पेशी घडवणाऱ्या फॉक्सपी३ जनुकातच बिघाड असला, तर तान्ह्या मुलग्यांना आतडं, कातडी, स्वादुपिंड अशा अनेक अवयवांचे ऑटोइम्यून आजार एकदम जडतात. प्रतिकारशक्तीत जन्मजात खोट असलेल्या काहींना ऑटोइम्यून आजारही होतात, हे खरं आहे. पण मावशीला ‘तू कमजोर आहेस’ म्हणणं चूक आहे, आणि त्याचा मला राग येतो.

मग ‘वाढवा’चं काय? खरोखर जोर लावून ही यंत्रणा चेतवली की काय होतं, ते माणसांत दिसलेलं आहे. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे टी पेशींना थेट चेतवणारं औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं गेलं. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले, एकेक अवयव निकामी होऊ लागला. नशिबाने सगळे वाचले. कर्करोगावरची काही नवी औषधं टी पेशींचे ब्रेक काढतात. त्यांनी अनेकांचं आयुष्य वाढलं, पण काही रुग्णांना त्यापायी थायरॉइडचा दाह होतो, आतड्याचा होतो. ज्याचे ब्रेक आधीच सैल आहेत त्याला आणखी जोर कशाला? मेसेजमधल्या बूस्टर गोळ्यांमध्ये एवढी ताकद नसेलही. शरीरात एखादं जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर भरून काढावं. लस तर घ्यावीच, कारण ती यंत्रणेला नेमका शत्रू ओळखायला शिकवते; कुठली आणि कधी, ते अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

राहिली स्टेरॉइडं. त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. मेसेजमधली एवढी भीती खरी आहे. पण प्रतिकारशक्तीला आवर घालणं हेच कधीकधी जीव वाचवतं. २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. म्हणजे औषध तेच, प्रश्न कधी आणि कुणाला द्यायचं याचा.

आणि अचानक बंद करणं तर घातकच. बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी एकदम थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून डोस पायरी-पायरीने उतरवतात.

मावशीला मी फोन केला. म्हटलं, एकही गोळी स्वतःहून सोडू नकोस. पुढच्या तपासणीला स्टेरॉइडचा डोस कमी करता येईल का, हाडांची तपासणी कधी करायची, हे दोन प्रश्न कागदावर लिहून ने. तिने मला फोनवरच थांबवलं आणि पेन शोधायला गेली.