दोन हजारात काय काय घेऊ, अक्का?

मामाच्या पोरीची बारावी झाली. आता ती लातूरला कॉलेजात येणार. परवा तिचा मेसेज आला, "अक्का, दोन हजार साठवलेत, मेकअपचं काय काय घेऊ?" सोबत एका ऑनलाइन किटचा फोटो. त्यात अठ्ठेचाळीस रंगांची आयशॅडो, प्राइमर, हायलायटर, दहा ब्रश. फोनवर बोलून माझं समाधान झालं नाही, म्हणून इथं लिहितेय. आपल्याकडं पोरी किती काटकसरीनं असे पैसे बाजूला काढतात ते मला माहीत आहे. ते वाया गेले की मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या मते आपले सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते गोरं दिसण्याच्या पायी.

लातूरच्या गंजगोलाई बाजारात दुकानात गेलं की ट्यूबलाइटखाली मनगटाच्या आतल्या बाजूला फाउंडेशन, म्हणजे चेहऱ्याला लावायचा कातडीच्या रंगाचा लेप, लावून दाखवतात. मनगटाची ती बाजू चेहऱ्यापेक्षा उजळच असते. वरून सल्ला मिळतो, "ताई, एक शेड उजळ घ्या, फोटोत छान येतं." 2020 साली 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं, पण दुकानातली भाषा काही बदलली नाही. मी अशीच साडेपाचशेची बाटली आणली होती. उन्हात चेहरा राखाडी दिसायचा आणि मान सावळी. चारदा लावली असेल, मग तारीख उलटून गेली. फाउंडेशन घ्यायचंच असेल तर जबड्याच्या कडेला थोडं लावा, दुकानाबाहेर उजेडात या आणि आरशात बघा. जो रंग कातडीत मिसळून दिसेनासा होतो, तो आपला. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या.

त्याहून मोठं नुकसान एका ट्यूबनं केलं. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणली, स्वस्त होती. पंधरा दिवसांत चेहरा उजळला आणि मी आठ महिने लावत राहिले. मग गाल लाल पडायला लागले, उन्हात गेलं की आग व्हायची. बंद केली तर पुरळ उठायचं, म्हणून पुन्हा लावायची. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब बघितली आणि सांगितलं, यात स्टेरॉइड आहे. त्यानं कातडी पातळ होते. चेहरा पूर्ववत व्हायला वर्ष गेलं आणि उपचाराला गेलेल्या पैशात माझा चार वर्षांचा मेकअप झाला असता. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइडचं औषध आहे. डॉक्टरांनी दिल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका, ही माझी हात जोडून विनंती.

म्हणून पहिले पैसे सनस्क्रीनचे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. ट्यूबवर एसपीएफ (उन्हानं कातडी भाजण्यापासून बचावाचा आकडा) 30 किंवा 50, आणि सोबत पीए प्लस प्लस प्लस (PA+++, उन्हानं काळवंडण्यापासून बचावाची खूण) बघून घ्या. दोन बोटांवर दोन रेघा ओढायच्या, म्हणजे साधारण एक ग्रॅम. 50 ग्रॅमची ट्यूब चारशेला पडली, तरी रोजचे आठ रुपये होतात. फाउंडेशनमध्ये एसपीएफ असतोच की, असं म्हणू नका. तेवढं फाउंडेशन कुणी थापत नाही.

रोज स्कूटीवर स्कार्फ बांधून जाणाऱ्या पोरीनं फाउंडेशन घ्यावंच का, हाही प्रश्नच आहे. कॉलेजात पोचेपर्यंत अर्धं स्कार्फला लागतं, उरलेलं घामानं वाहतं.

काजळ मात्र घ्या. दोनशेच्या आत चांगली पेन्सिल मिळते आणि रोज वापरली तरी दोन-तीन महिने पुरते. रात्री खोबरेल तेलाच्या बोटानं पुसायचं आणि तोंड धुवायचं, वेगळं रिमूव्हर नको. लिपस्टिक एकच, पण विटकरी किंवा मरून. सावळ्या, गव्हाळ रंगाला फिकट न्यूड, म्हणजे कातडीच्या रंगाच्या, शेडनं ओठ आजारी दिसतात. तीच लिपस्टिक बोटानं गालावर टिपली की ब्लशचं, म्हणजे गालाच्या लालीचं, काम होतं. पापण्यांना लावायचा मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा लागतो. वर्षात दोन लग्नांसाठी तो कशाला? आयशॅडोच्या अठ्ठेचाळीस रंगांतले दोन वापरले जातील, बाकीच्यांची पूड होईल.

हे सगळं नऊशेत बसतं. उरलेले अकराशे पुढच्या सनस्क्रीनसाठी ठेव, असं मी तिला कळवलंय. रविवारी ती येतेय. दुपारी चारच्या आत ये म्हटलंय, म्हणजे लिपस्टिकचा रंग उजेडात बघता येईल.