जानेवारीत आमच्या गावात बायकाच नसतात

दर जानेवारीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा जागृती महिना असतो. पोस्टर लागतात, तालुक्याला शिबिर होतं, उद्घाटनाचे फोटो येतात. त्याच जानेवारीत धाराशिव-बीडकडच्या आमच्या वस्त्या रिकाम्या असतात. जिला ही तपासणी सगळ्यात जास्त हवी, ती ऊसतोडीला गेलेली बाई पहाटेपासून कुठल्यातरी साखर कारखान्याच्या उसाच्या फडात मोळ्या बांधत असते. गावात उरतात म्हाताऱ्या आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं.

माझी थोरली मावशी याच आजारानं गेली, ५२व्या वर्षी. आधी अंगावरून पांढरं जायचं, त्याला वास यायचा. मग पाळी बंद होऊन दोन वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसायला लागलं. तिनं दोन हंगाम अंगावर काढलं. एक दिवस फडावर गेलं नाही की मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरी, धरतो. कोयता नवरा-बायको दोघांचा मिळून एक, त्यामुळे ती बसली की त्याचीही मजुरी बुडते. हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची राहिलेली. "बाईच्या जातीला एवढं चालायचंच गं," हे तीच आम्हाला सांगायची. दवाखान्यात नेली तेव्हा तिसरी स्टेज निघाली.

मला राग येतो तो याचा, की हा आजार असा अचानक झडप घालणारा नाहीच. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप घालवतं. काहींच्यात तो ठाण मांडून बसतो. तिथून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे मावशीला वाचवायला आपल्याकडे दहा-पंधरा वर्षं होती! आणि यात तिच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. एकाच माणसाबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो. हे मोठ्यानं सांगायला हवं, कारण गावात पहिली कुजबूज तीच होते.

तपासणी किती साधी आहे ते ऐका. गर्भपिशवीच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते, लावतात. मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी आणि उपचार, नाही तर घरी. मोठं मशीन लागत नाही, रिपोर्टसाठी आठवडाभर थांबावं लागत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलनं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या, दहावी शिकलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हीच तपासणी केली, तर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आणि आमचा जिल्हा? उस्मानाबाद नाव होतं तेव्हा इथल्याच ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका एका मोठ्या अभ्यासात होत्या. २००९ साली तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. आयुष्यात एकदा एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या आकड्यांचा जगभर दाखला दिला जातो. ते ज्ञान आमच्या आया-मावश्यांच्या अंगातून निघालंय. आणि २०१९-२१ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधी तरी झालेल्या जेमतेम १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत.

तपासणी पोचत नाही, पण भीती बरोबर पोचते. "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," हे वाक्य आमच्याकडच्या किती जणींनी ऐकलंय ते विचारा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. काहींना गरज असेलही. पण नुसती कॅन्सरची भीती दाखवणं म्हणजे जागृती नव्हे. जिला जवळच्या उपकेंद्रात फुकट तपासून मिळत नाही, तिला घाबरवलं की ती कर्ज काढून ऑपरेशनला जाते.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. शिबिरं जून ते सप्टेंबरमध्ये घ्या, बायका घरी असतात तेव्हा. हंगामात घ्यायची तर कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या कोप्यांपाशी (झोपड्यांपाशी) घ्या आणि त्या दिवसाचा खाडा धरू नका. तपासायला बाईच असू द्या, पडदा असू द्या, आत काय करणार ते आधी सांगा. डाग दिसला तर शक्यतो त्याच फेरीत उपचार करा. पुढच्या महिन्यात या म्हटलं की ती येणार नाही, तिला येता येणारच नाही.

मुलींसाठी लस आहे, ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली लागू पडते, आणि त्यातली एक आपल्या पुण्यातच बनते. जरूर द्या. पण लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच, आणि तिच्या आईला तर आजच लागते.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर आम्ही अकरा जणी आशाताईंबरोबर गेलो. पहिली मी आत गेले, कारण बाकीच्या दारातच थबकल्या होत्या. पाच मिनिटं लागली, थोडं अवघडल्यासारखं झालं, दुखलं नाही. दहा जणींचं काही निघालं नाही. एकीला पांढरा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर जिल्ह्याला गेले, तिथं तपासून तेवढाच भाग उष्णता देऊन जाळला, आणि संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परत आलो. दिवाळीनंतर ती कारखान्यावर गेली. जाताना धाकट्या जावेला माझ्या दारात आणून उभं केलं, म्हणाली, "पुढच्या साली हिला न्या."