खलनायक मिस्सेनंतर भेटतील

आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या परिसरातल्या, युवा संघाला शिबिरासाठी आणि खेळाच्या सामानासाठी निधी हवा होता. मला 'नाही' म्हणता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून नाटकाचं दिग्दर्शन माझ्या गळ्यात पडलं. इथवर ठीक होतं. मग फादरांनी जाहीर केलं, की कपटी सावकाराची भूमिका ते स्वतः करणार. धर्मगुरूच खलनायक म्हटल्यावर तिकिटं हातोहात खपतील, असा त्यांचा हिशेब. तो बरोबरच होता म्हणा. दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ज्यांचं मुकाट्याने ऐकून घ्यावं लागतं, त्यांना शेवटच्या अंकात गावाचा मार खाताना पाहायला कोण येणार नाही?

मी जरा कुरकुरताच फादरांनी इतिहास काढला. "अरे, जेझुइटांनी शाळाशाळांतून नाटकं केली!" केली खरी. पण जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाच्या १५९९ च्या शिक्षणनियमावलीत नाटक लॅटिनमध्ये असावं, त्यात स्त्रीपात्र नसावं आणि ते क्वचितच व्हावं असंही लिहिलंय. त्यातलं 'क्वचितच' मला फार पटलं. "पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी नट होते! १९४१ पासून नाझींची नजर चुकवून क्राकूवमध्ये गुपचूप प्रयोग करायचे!" मी म्हणालो, "फादर, ते आधी नट होते, मग धर्मगुरू झाले." फादरांना हे लागलं नाही. तालमीत त्यांना कधी काही लागलंच नाही.

सावकाराचं वाक्य साधं होतं: "उद्या सकाळपर्यंत पैसे दे, नाहीतर घर खाली कर." फादर "पैसे दे" पर्यंत यायचे, थांबायचे, सगळ्यांकडे मायेने पाहायचे आणि म्हणायचे, "नाहीतर, माझ्या प्रिय बंधूभगिनींनो, घर खाली कर." समोरच्या कर्जदाराला गहिवरून यायचं. तो एकदा चक्क 'आमेन' म्हणाला. गायकवृंदातून आलेली नायिका तर संवाद संपला की सूर धरायची, कारण प्रवचनानंतर काय करायचं हे तिच्या अंगात मुरलेलं.

पण खरी पंचाईत शनिवारी. आदल्या रात्री ज्यांच्यावर ओरडलो, त्यांच्याचपुढे पापनिवेदनाला गुडघे टेकायचे.

"फादर, मला राग आला."

"कुणाचा?"

"एका नटाचा."

जाळीपलीकडे शांतता. मग हळूच, "त्याचं काही चुकत होतं का?"

"दुसऱ्या अंकात एंट्री चुकते. रोज."

प्रायश्चित्त नेहमीपेक्षा बरंच लांब मिळालं. पापनिवेदनात कळलेली गोष्ट धर्मगुरूने बाहेर बोलायची तर नाहीच, पण त्या माहितीचा वापर करून निवेदन करणाऱ्याला अडचणीतही आणायचं नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. फादर तो इतका काटेकोर पाळत, की पुढच्या तालमीत एंट्री पुन्हा तिथेच चुकली.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते तरुण काय करत होते? तरुणांसाठी काम केलेले संत डॉन बॉस्को लहानपणी दोरीवरच्या कसरती आणि हातचलाखी दाखवून पोरं जमवायचे आणि बदल्यात त्यांना प्रार्थना म्हणायला लावायचे. आमच्याकडे कसरती मोठ्यांच्या आणि प्रार्थना विंगेतल्या पोरांच्या.

प्रयोगाला गर्दी झाली. पुढच्या रांगांची तिकिटं महाग ठेवण्याची कल्पना ज्या कुणाची होती, त्याने कधी चर्चमध्ये मागे वळून पाहिलं नसावं. आपली माणसं शेवटचा बाक पकडणारी! मागच्या रांगा पहिल्याच दिवशी संपल्या, पुढे बिशप आणि त्यांचे सचिव असे दोघेच. तिसऱ्या घंटेसाठी वेदीसेवकाने वेदीवरचीच घंटी आणली होती. ती वाजली आणि अर्धं प्रेक्षागृह गुडघ्यांवर. अशा भक्तिभावात सावकाराने प्रवेश केला, तोही चुकीच्या बाजूने. शेवटी मार द्यायला आलेल्या गावकऱ्यांतल्या एका काकूंनी काठी बाजूला ठेवून आधी त्यांचा आशीर्वाद घेतला. टाळ्या थांबेचनात.

जमा झालेल्या पैशांतून काय काय हवं, याची यादी युवा संघाने दुसऱ्याच दिवशी दिली: शिबिर, फुटबॉलची जाळी, एक गिटार, आणि चौथ्या क्रमांकावर 'ज्येष्ठांसाठी अभिनय कार्यशाळा'. फादरांनी यादी वाचली, खूश झाले, सही केली आणि चौथ्या ओळीपुढे मार्गदर्शक म्हणून स्वतःचं नाव लिहून दिलं.