‘अचानक’ हा शब्द खटकला
२०१३ नंतर सूर्यफूल तारामासे (समुद्रातले अनेक हातांचे मोठे तारामासे) रोगाच्या साथीत ‘अचानक’ संपले, हे तुमच्याकडच्या तारामाशांवरील लेखातलं वाक्य पटलं नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर साथ येण्याआधीपासून लोक वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी तारामासे मोजत होते. म्हणूनच नव्वद टक्क्यांच्या आसपासची घट दाखवता आली. साथीमागचा व्हिब्रिओ जिवाणू तर २०२५ मध्ये ओळखला गेला! त्या मोजणाऱ्यांबद्दल एक ओळ तरी हवी होती.

मी खानापूरचा. मलप्रभेकाठच्या आमच्या भातशेतात मिरगाच्या पहिल्या पावसात कंदील घेऊन खेकडे धरायला जायचो, पोतं भरायचं. आता कालवणापुरतेही मिळत नाहीत. पण कधीपासून घटले, विचारलं तर गावात कुणाकडेच आकडा नाही. यंदापासून मी आणि पुतण्या त्याच बांधावर मोजून वहीत लिहितोय.