मिस्सा आटोपली की विश्वासही आटोपतो का?

आज फार संताप झालाय, म्हणून लिहितेय.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलीला एका ज्येष्ठ गृहस्थांनी चारचौघांत सुनावलं, "चर्चच्या पोरांनी राजकारणात पडू नये. गायनमंडळात गा, तेवढं पुरे." तिचं चुकलं काय, तर सफाई कामगारांच्या थकलेल्या पगारासाठी निघालेल्या मोर्चात ती गेली. हातात नाताळच्या गोठ्यातला उरलेला पुठ्ठा, त्यावर स्केचपेनने लिहिलेलं : मत्तय 25:40.

अहो, बायबलमधलं हे वचन तिला शिकवलं कोणी? आपणच ना? लहानांतल्या लहानासाठी जे केलंत ते माझ्यासाठी केलंत, असं येशू म्हणतो. दृढीकरणाच्या (विश्वास पक्का करण्याच्या संस्काराच्या) आधी पाठ करून घ्यायचं आणि तिने ते खरं मानलं की दटावायचं?

1891 साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' हे कामगारांच्या प्रश्नावरचं पत्र लिहिलं. कामगाराला घर चालेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे, त्याला संघटना बांधायचा हक्क आहे, हे त्यात स्पष्ट आहे. 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं, तेही मुख्यतः त्या पत्राची आठवण ठेवून. बेल्जियमच्या फादर कार्डिन यांनी कारखान्यातल्या पोरांना हेच शिकवलं : पाहा, पारखा, कृती करा. आपण पोरांना पाहायला शिकवतो, पारखायलाही शिकवतो. कृतीची वेळ आली की मात्र गायनमंडळ!

आणि एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो? 23 मार्च 1980 ला त्यांनी प्रवचनात सैनिकांना सांगितलं, आपल्याच लोकांना मारू नका. दुसऱ्या दिवशी मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घातली. 2018 मध्ये ते संत झाले. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावायची आणि या पोरीला गप्प बसवायचं, हे मला पटत नाही.

फादरांनी पक्षीय राजकारणात उतरू नये, हे बरोबर. चर्चचा कायदाच तसा आहे. पण ती फादर नाही. समाजकारण, राजकारण हे तर प्रापंचिकांचंच, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या ख्रिस्ती माणसांचंच, क्षेत्र.

मला तिची काळजी वाटते ती वेगळीच. उद्या एखादा पक्ष तिला उचलून धरेल आणि तिचा विश्वास अर्धाच मागेल. गर्भातल्या जिवाबद्दल बोल, पण फाशीबद्दल गप्प राहा. किंवा नेमकं उलट. निर्वासितांचं नाव काढू नकोस. चर्चची शिकवण कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात पुरती मावत नाही, त्यामुळे अशी मुलं सगळीकडेच थोडी परकी पडतात. अशा वेळी आपण पाठीशी नसलो तर ती जाणार कुठे?

त्या गृहस्थांना उत्तर न देता ती मला हळूच म्हणाली, "टीचर, मी चुकले का?" तेव्हा गळा दाटून आला. नाही गं बाळा, अजिबात नाही.

पुढच्या रविवारी वर्गात लिओ तेराव्यांचं पत्र वाचायला घेतेय. आक्षेप असलेल्यांनीही या, मी मनापासून बोलावतेय.