गोळ्या किती चुकतात?

आमच्या मनीला किडनीचा आजार निघाला तेव्हा ती 13 वर्षांची होती. मांजरांमध्ये हा आजार चोरपावलांनी येतो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत किडनीची साधारण 75 टक्के क्षमता गेलेली असते. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी, फॉस्फरस कमी करणारी पावडर, वेगळं खाणं असं सगळं लिहून दिलं. मी मान डोलावत राहिले.

घरी मात्र डबी वाजली की मनी पलंगाखाली. तिला ओढून काढायचं, जबडा उघडून गोळी आत सरकवायची. ती गिळल्यासारखं करायची आणि थोड्या वेळाने सोफ्यामागे अर्धी विरघळलेली गोळी सापडायची. पावडर घातलेलं खाणं नुसतं हुंगून निघून जायची. तपासणीला गेलं की डॉक्टर विचारायचे, "गोळ्या देताय ना?" मी म्हणायचे, "हो." असं विचारल्यावर "नाही" म्हणायला जीभ रेटत नाही हो. रक्तदाब 180 च्या खाली येईना, म्हणून त्यांनी डोस दुप्पट केला. मुळात पोटातच न जाणाऱ्या गोळीचा!

पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "आठवड्यातून किती गोळ्या चुकतात?" चुकतात हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मी खरं सांगितलं, तीन-चार. त्यांनी डोस पूर्ववत केला आणि म्हणाल्या, "यातलं काय सोडता येईल ते दोघी मिळून बघू." रक्तदाब चढा राहिला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर आंधळं होऊ शकतं, म्हणून ती गोळी ठेवायचीच. पावडर तूर्त बंद, कारण आधी पोटात अन्न जायला हवं. घरी कातडीखाली सलाईन द्यायला जमेल का, हे विचारूनच त्यांनी मला खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायला शिकवलं.

पहिल्या डॉक्टरांचं ज्ञान कमी नव्हतं. पण जनावर बोलत नाही, त्यामुळे निम्मी माहिती घरच्यांकडेच असते. ती विचारून घेणं हा उपचाराचाच भाग आहे असं मला ठामपणे वाटतं. आणि आपणही "तुम्हीच ठरवा, डॉक्टर" म्हणून मोकळे होतो. खर्च झेपत नाही, सुईची भीती वाटते, घरी दिवसभर कुणी नसतं, यातलं काहीच सांगत नाही. मग उपचार मध्येच सुटतात.

नव्या डॉक्टरांनी मनीच्या आवडीच्या तीन गोष्टीही लिहून घेतल्या होत्या: खिडकीत चढणं, मासे, माझ्या उशीवर झोपणं. दोन बंद झाल्या की बोलायचं, असं ठरलं होतं. दीड वर्षाने मी फोन केला, तेव्हा "खिडकी आणि मासे" एवढंच म्हणाले. त्यांना कळलं.